लाल बटणावर माझा नंबर

२० जुलै २०२५, रविवार

निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आज पहिल्यांदा कुणीतरी मला कामाचं काही विचारलं. विचारलं ते दिव्यश्रीने, म्हणजे आमच्या मुलीने, त्यामुळे फार फुशारकी नको, पण विचारलं हे खरं.

ती बर्फ मोजते. हिमनदी दरवर्षी किती वितळली ते पाहायला बर्फात काठ्या रोवायच्या आणि पुढच्या वर्षी जाऊन बघायच्या, असलं काम. सप्टेंबरात मंगोलियाच्या पश्चिमेकडचे डोंगर, पुढच्या वर्षी चिली, मग ग्रीनलंड. "अप्पा, तिथं मोबाईलला सिग्नल इल्ला. टीमला एक सॅटेलाइट फोन सिलेक्ट करायचाय, एव्हरीव्हेअर चालणारा. तुम्ही टेलिफोनवाले, तुम्हीच थोडं नोडा की." हिचं मराठी हे असं, 'नाही'ला इल्ला, 'बघा'ला नोडा, अर्धं कन्नड. कापड रंगवणाऱ्या आमच्या आजोबांनी ऐकलं असतं तर रंगाच्या पिंपात उडी घेतली असती.

छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. म्हैसूर-हुणसूर लाईनचा खांब न् खांब मला ओळखत होता. आता आकाशातली लाईन बघतो म्हटलं.

३ ऑगस्ट, रविवार

पंधरा दिवस हेच चाललंय. मोठ्या कागदावर चार रकाने आखून भिंतीला लावलेत. बायको, जयलक्ष्मी, म्हणते, पोरीचं स्थळ बघतानाही तुम्ही एवढं बघितलं नव्हतं. ते स्थळ जमलंही नाही, हे ती सोयीने विसरते.

पहिला फोन देखणा, आवाज स्वच्छ, बॅटरी टिकाऊ. पण त्याचे उपग्रह विषुववृत्तावर एका जागी थांबलेले. उत्तरेला जावं तितका उपग्रह आकाशात खाली उतरतो. दरीत उभं राहिलं आणि दक्षिणेला डोंगर आला की बोलणं बंद. ग्रीनलंडच्या वरच्या अंगाला तर तो क्षितिजाखालीच जाणार. दुसरा हलका, खिशात मावणारा, पण अमेरिका खंडात चालतच नाही, मग चिलीत त्याचं काय लोणचं घालायचं? तिसऱ्याचे उपग्रह सहासष्ट, या ध्रुवावरून त्या ध्रुवाकडे सारखे फिरणारे. एक मावळला की दुसरा उगवतो, पृथ्वीचा कोपराही सुटत नाही. त्याची खोड अशी, की उपग्रह डोंगराआड गेला की बोलणं मध्येच तुटतं. शिवाय जड, आणि अँटेना ओढून उघड्यावर उभं राहावं लागतं.

चौथा फोनच नाही. साबणाच्या वडीएवढं यंत्र. त्यावरून फक्त मेसेज जातात, आणि संकटाचं एक बटण. ते दाबलं की परदेशातल्या बचाव केंद्रात कळतं. तिथे चोवीस तास माणसं बसलेली असतात म्हणे.

९ ऑगस्ट, शनिवार

दिव्याला चौथंच हवंय. आज बेंगळुरूहून आली होती, जेवताना वाद झाला.

"अप्पा, हंड्रेड ग्रॅम वजन. मेसेज जातो, एसओएस जातो. अजून काय पाहिजे? बोलायचं काय असतं रोज?"

बोलायचं काय असतं! छत्तीस वर्षं मी लोकांना बोलता यावं म्हणून खांबावर चढलो, ते हिच्या लेखी काहीच नाही. मी म्हटलं, तुझ्या आईला मोतीबिंदू, ती मेसेज कसे वाचणार? जयलक्ष्मी आतून ओरडली, "मला सगळं वाचता येतं. माझं नाव कशाला घेता?"

शेवटी मी तिसऱ्यावर अडून बसलो. माणसाचा आवाज ऐकला की कळतं तो कसा आहे, मेसेजमध्ये सगळेच बरे असतात, असं बरंच बोललो. दिव्या म्हणाली, "आयतु अप्पा, ठीक आहे, तुमचंच होऊ दे." ती तशी लवकर ऐकणारी नाही, त्यामुळे मला जरा चुकल्यासारखं वाटलं. पण फोन माझाच चांगला आहे.

सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय आपल्या देशात आणता येत नाही, उगाच विमानतळावर अडकायची. म्हणून तो तिकडेच उलानबाटरला भाड्याने घ्यायचा. म्हणजे जो फोन मी निवडला तो मी हातात धरणारच नाही. मुलांच्या बाबतीतही बऱ्याचदा असंच होतं.

१४ सप्टेंबर, रविवार

आज व्हिडिओ कॉलवर दिव्याला तो भाड्याचा सॅटेलाइट फोन जुळवून दिला. ती उलानबाटरच्या हॉटेलात, मी इथे आरामखुर्चीत. तिच्या शेजारी शरत होता. तिच्याबरोबर काम करणारा, हुणसूरचा, तंबाखू पिकवणाऱ्या घरातला मुलगा. वडील लहानपणीच गेले, आईने वाढवलं. हसतमुख आहे. फोन हातात घेऊन म्हणाला, "अंकल, सुपर सिलेक्शन." असल्या मुलांना पुढे आणलं पाहिजे.

फोनला वरच्या बाजूला झाकणाखाली लाल बटण आहे. ते तीन सेकंद दाबून धरलं की ठरवून दिलेल्या एका नंबरला फोन लागतो, आणि आपण कुठे आहोत त्याचा मेसेजही जातो. पुस्तिकेत लिहिलंय, इथे बचाव केंद्राचा नंबर भरा. मी माझा भरायला सांगितला.

शरत म्हणाला, "अंकल, सेंटरचा नंबर हाकोण का, तोच भरूया?"

मी समजावलं. केंद्रातल्या अनोळखी माणसाला तुमचे उच्चार कळेपर्यंत अर्धा तास जायचा. माझ्याकडे सगळी यादी तयार आहे: तिथल्या तालुक्याचं हॉस्पिटल, विमा कंपनी, वकिलात. मला रिंग आली की पाच मिनिटांत सगळं हलवतो. फोनमध्ये माझा आणि जयलक्ष्मीचा नंबर, बस्स. नंबरांचं कार्ड वेगळं बाळगायची गरज नाही. दिव्याने माझा नंबर एक-एक आकडा म्हणत भरला, मी प्रत्येक आकड्याला "हूं" म्हटलं. फार दिवसांनी बरं वाटलं.

२८ सप्टेंबर, रविवार

तीन दिवस फोन नव्हता. आज संध्याकाळी आला. मी विचारलं, रोज सहाला करायचं ठरलं होतं ना? ती म्हणाली, "अप्पा, रोज सहाला फोन करायला मला दरीतून कड्यावर चढून जावं लागतं, ओपन स्काय पाहिजे म्हणून. मी इथं काम करायला आलेय, तुम्हाला हजेरी द्यायला नाही. वीकली एक मेसेज पाठवते, साकु, तेवढं पुरे."

मी म्हटलं, नको करूस मग. मेसेजही नको.

लाईन तुटली. उपग्रह डोंगराआड गेला असावा, असं जयलक्ष्मीला सांगितलं. मीच तोडली.

१ ऑक्टोबर, बुधवार. महानवमी

तीन वाजून गेले. साडेतीनला आयुधपूजा. दारात स्कूटर धुऊन केळीचा खांब बांधून तयार, फोडायचा कोहळाही आणलाय. आमच्याकडे कापड छापायचे ठसे होते तेव्हापासूनची रीत आहे: नवमीला हत्यारं देवीपुढे मांडायची आणि दशमीला सकाळी पूजा उतरेपर्यंत हात लावायचा नाही. उरलेले दोन ठसे, जयलक्ष्मीचं शिलाई मशीन, माझे पेचकस, पक्कड सगळं मांडलंय.

यंदा मोबाईलही ठेवतोय. माझा आणि जयलक्ष्मीचाही, बंद करून. देवीपुढे वाजत राहिले तर बरं दिसत नाही. एक दिवस कुणाचं काही अडत नाही. ज्यांना फोन करायचाच नसतो त्यांचं तर मुळीच अडत नाही.

ही वही आणि पेनही आता ठेवतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. विजयादशमी

लिहून काढल्याशिवाय बसवत नाही.

सकाळी सव्वाआठला पूजा उतरवली. मोबाईलच्या काचेवर हळदीकुंकू सुकलेलं, ते पुसून चालू केला. लगेच मेसेज येत गेले. एकाच लांबलचक नंबरावरून अकरा वेळा फोन येऊन गेलेला. पहिला काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, शेवटचा सहाला. मग दिव्याचा मेसेज: शरत पडला, पाय मोडला, थंडी फार आहे, अप्पा उचला. खाली त्या जागेचे आकडे.

त्यानंतर मी काय केलं ते मला नीटसं आठवत नाही, इतक्या भराभर केलं. विमा कंपनी, तालुक्याचं हॉस्पिटल, तिथल्या एका डॉक्टरला थोडं इंग्रजी येत होतं, त्याला आकडे दोनदा वाचून दाखवले. त्यांची जीप निघाली. चार तासांत पोचली. शरत जिवंत आहे, दिव्याला काही झालेलं नाही. शरत रात्रभर दगडाच्या आडोशाला पडून होता. पाण्याची बाटली गोठली एवढी थंडी होती.

चार तासांत पोचली. म्हणजे काल मी फोन उचलला असता तर आठ-साडेआठला तो गरम खोलीत असता.

बाहेर सगळा गाव जंबूसवारी, दसऱ्याची हत्तींची मिरवणूक, बघायला गेलाय. जयलक्ष्मी देवघरात बसून आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

दिव्याचा उलानबाटरच्या हॉस्पिटलातून फोन. शरतच्या डाव्या पायाची बोटं काळी पडलीत, कापावी लागणार. नडगीचं हाड जुळेल. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळीच आला असता तर बोटं राहिली असती.

मग ती रडली. "अप्पा, मीच बरोबर केलं नाही. ते बटण थ्री सेकंड्स धरायचं होतं ना? हात बधिर झाले होते, मी लवकर सोडलं असेल. कॉल तुमच्यापर्यंत गेलाच नसेल, मेसेज तेवढा उशिरा पोचला. नंतर बॅटरीपण गेली. बाकी सगळे नंबर माझ्या मोबाईलमध्ये, तो थंडीने आधीच डेड."

मी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं.

मी म्हटलं, "असेल."

एवढंच म्हटलं. असेल. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "तुम्ही होता म्हणून तरी अप्पा." मी फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिलो.

११ ऑक्टोबर, शनिवार

आमच्या रंगारी समाजाचे चिटणीस गुंडुराव आले होते. शाल आणि फेटा देऊन हॉलमध्ये माझा सत्कार करायचा म्हणतात. परदेशातल्या माणसाचे प्राण म्हैसुरात बसून वाचवले, आपल्या समाजात असं कुणी केलंय?

मी त्यांना सरळ सांगितलं की आदल्या दिवशी मोबाईल पूजेत बंद होता, फोन लागलेच नाहीत, आणि दिव्याला मी अजून हे सांगितलेलं नाही. वाटलं, आता तरी हा माणूस उठून जाईल. गुंडुराव म्हणाले, "अय्यो, मग काय झालं? नवमीला हत्यार उचलायचं नसतंच. दशमीला उचललंत आणि काम फत्ते. विजयादशमी म्हणजे आणखी काय असतं? पोरीला कशाला सुम्ने, उगाच त्रास?"

इतक्या सहज मला मोकळं केलं त्यांनी. रीतीच्या आड उभं राहिलं की माणूस दिसतच नाही. सत्काराला नाही म्हटलं. ते मला विनयशील समजून गेले.

१९ ऑक्टोबर, रविवार

शरतच्या आईने, लक्ष्मीदेवींनी, दोनदा निरोप पाठवला होता. हुणसूरच्या बसने गेलो. जाताना मनाशी वाक्यं जुळवत होतो, कन्नडमध्ये. बाहेर तंबाखूच्या भट्ट्या दिसायला लागल्या तशी ती सगळी विसरलो.

त्या दारातच माझ्या पाया पडल्या. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असतील. "नीवु इल्लदिद्रे नन्न मग इरतिरलिल्ल," म्हणाल्या, तुम्ही नसता तर माझा मुलगा राहिला नसता. मी मागे सरकलो, तर मागे उंबरा होता. भिंतीवर शरतचा पदवीचा फोटो. तो आता डोंगर चढणार नाही, हे त्यांना अजून कुणी स्पष्ट सांगितलेलं नाही. बोटंच तर गेली, त्या म्हणाल्या, पाय आहे ना.

मी कॉफी प्यायलो. उप्पिट्टू खाल्लं. येताना त्यांनी घरच्या नारळांची पिशवी दिली, तीही घेतली. मला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती. जयलक्ष्मीने पिशवी बघितली आणि विचारलं, "सांगितलंत?" मी म्हटलं, वेळच आली नाही.

ते नारळ फोडायला ती तयार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

दोघं परत आली. शरतला हुणसूरला पोचवून दिव्या घरी आलीय, महिनाभर राहणार. वाळलीय. ताटात वाढलेलं इकडून तिकडे करते.

आज तिने एक पत्र मला तपासायला दिलं. इंग्रजी माझं बरं म्हणून. संस्थेला लिहिलंय, चिलीच्या तुकडीचं नेतृत्व माझ्याकडे नको. संकटाच्या वेळी साधं बटण मला नीट हाताळता आलं नाही, माझ्यामुळे सहकाऱ्याचा पाय अधू झाला, इतरांची जबाबदारी घ्यायची माझी लायकी नाही. शनिवारी-रविवारी नीट करून सोमवारी, सतराला, पाठवणार आहे.

मी एक स्वल्पविराम टाकला आणि कागद परत दिला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जयलक्ष्मी वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "परवा ती पत्र पाठवणार. तुम्ही सांगता की मी सांगू?"

मी म्हटलं, सांगतो, पण पूजेची रीत होती हेही तिला समजलं पाहिजे, अगदीच माझी चूक नव्हती.

तिने टोपली खाली ठेवली. "टेलिफोनात होता तेव्हा नवमीला एक्सचेंज बंद केलं होतं का कधी?"

कधीच नाही. छत्तीस नवम्या. यंत्रांना कुंकू लावायचो, फुलं वाहायचो, आणि लाईन चालूच. कोण कुठून अडचणीत फोन करत असेल सांगता येत नाही, हे मीच नव्या पोरांना शिकवायचो. गेल्या वर्षीही नवमीला मोबाईल खिशातच होता.

मग यंदा का ठेवला? मागची पानं वाचली. माझंच अक्षर. ज्यांना फोन करायचाच नसतो त्यांचं मुळीच अडत नाही. मी देवीसाठी ठेवला नव्हता. दिव्याने दमून-भागून कधीतरी फोन लावावा, तो लागू नये, आणि तिला कळावं. एवढ्यासाठी ठेवला होता. त्रेसष्टाव्या वर्षी मी रुसून बसलो होतो आणि रुसव्यावर हळदीकुंकू वाहिलं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं.

सकाळी ती मागच्या पायरीवर केस वाळवत बसली होती. मी शेजारी बसलो. "दिव्या, बटण तू नीटच दाबलं होतंस. अकरा फोन माझ्यापर्यंत आले. माझा मोबाईल बंद होता. पूजेत होता."

तिने केस मागे टाकले. मग म्हणाली, "ओह. नवमी होती ना." तीसुद्धा मला सोडून द्यायला निघाली होती. तेव्हा मी उरलेलं सांगितलं. नवमीचं नुसतं निमित्त, तुझ्यावर रागावलो होतो म्हणून बंद केला. तू रडत होतीस तेव्हा 'असेल' म्हणालो, तेही मुद्दाम. लाल बटणावर माझा नंबर नसता तर शरतची बोटं शाबूत असती.

वाटलं होतं ती उठून जाईल. ती बराच वेळ टॉवेलची दशी ओढत बसली.

"अप्पा, मलापण एक सांगायचंय. शरत तीनला पडला. आपल्या टाइमचे तीन. मी पहिला कॉल चारनंतर केला."

मी विचारलं, का?

"बटण दाबलं की तुम्हीच येणार. आणि तुम्ही म्हणणार, नोडु, शेवटी अप्पाच लागले. मला ते ऐकायचं नव्हतं. मी आणि तिथला एक मेंढपाळ, दोघं मिळून त्याला खाली आणू म्हटलं. तासभर ट्राय केलं. तो ओरडत होता, दिव्या, फोन माडे, फोन माडे. मी केला नाही. बटण नीट दाबलं होतं, अप्पा, मला माहीत होतं. ते मी सुम्ने सांगत होते. तो तास कुणाला सांगायचा?"

माझा स्वभाव उचललाय पोरीने. नाक, कान, सगळं आईचं, आणि नेमकं हे माझं. तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्यात ती सवय नाही.

मग तिने विचारलं, "पूजा किती वाजता होती?"

मी म्हटलं, "बाराला. बारा वाजताच मोबाईल बंद केला. तू तीनला केला असतास तरी लागला नसता."

"नक्की?"

"नक्की."

आत नळ चालू होता, तो बंद झाला. जयलक्ष्मीने ऐकलं असणार. मग तो पुन्हा चालू झाला.

पूजा साडेतीनला होती. तीन वाजता मोबाईल चालू होता. मी तो हातात घेऊन बघतही होतो, तिचा काही आलाय का म्हणून. तिने तेव्हा लावला असता तर पहिल्या रिंगला उचलला असता. हे मी कुणाला सांगणार नाही. ही वही आजपासून कुलपात.

दुपारी तिने ते पत्र फाडलं. म्हणाली, हुणसूरला जाऊन सांगायला पाहिजे, दोघांनी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळच्या बसने गेलो. लक्ष्मीदेवींनी पाणी दिलं. मी बसण्याआधीच बोलायला लागलो, बसलो असतो तर जमलं नसतं. फोन कुठला निवडला, बटणावर कुणाचा नंबर भरला, तो का बंद ठेवला, सगळं. मुनिसु म्हटलं, रुसवा. त्यांना चटकन समजेना, एवढा म्हातारा माणूस मुलीवर रुसून फोन बंद करतो हे. समजलं तेव्हा पदर तोंडाला लावून त्या उभ्या राहिल्या.

शिव्या देतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "शरतगे हेळि. अवन मुंदे हेळि." त्याला सांगा. त्याच्यासमोर सांगा.

तो वॉकर टेकत बाहेर आला आणि खाटेवर बसला. डावा पाय पुढून आखूड आहे, मोज्यात कळतो. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दिव्याने तिचा तास सांगितला. तो त्याला सांगायची गरज नव्हती, त्या तासात तो तिथेच पडलेला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. लक्ष्मीदेवींनी माझ्याकडे पाहिलं नाही.

शरतने मला एवढंच विचारलं, "एष्टु गंटेगे आफ माडिद्रि, अंकल?" किती वाजता बंद केलात?

मी म्हटलं, "हन्नेरडु." बारा.

तो पडला होता तीनला, त्याने मनाशी तसा हिशेब केला असावा. मग दिव्याकडे बघितलं, आम्ही आल्यापासून पहिल्यांदा, आणि खाटेवर थोडा सरकून तिला बसायला जागा केली. मी दाराजवळ उभाच होतो.